एका आरतीइतका वेळ

फट्ट आवाज झाला आणि खापर फुटलं.

चुलीवर पालथं घातलेलं मातीचं मोठं भांडं, ज्याच्या तापलेल्या पाठीवर पुरणाचे मांडे भाजतात, ते मधोमध उकललं आणि त्याचं अर्धं अंग चुलीत बसलं. राखेचा लोट उठला. समोर गोरे पाहुणे रांगेत उभे. त्यांतल्या तिघांच्या हातांवर कच्चे मांडे पसरलेले. ते ओल्या पंच्यासारखे कोपरापासून लोंबत होते आणि टाकायला जागा नव्हती. माझी सून पांढरीफटक. दाराशी माझा मुलगा आणि धाकटी जाऊ, दोघांचे जोडलेले हात तसेच राहिलेले. पाहुण्यांना घेऊन आलेली टूरवाली बाई मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होती. मग तिनं माझ्याकडे बघितलं. मग सगळ्यांनीच माझ्याकडे बघितलं.

मी एक इंग्रजी वाक्य बोलले होते, त्याचं हे झालं. वाक्य बरोबर होतं. अजूनही सांगते, बरोबर होतं.

आमचं घर नाशिकच्या कडेला आहे. रस्त्याच्या पलीकडे लिफ्टवाल्या इमारती, अलीकडे आमची मेथी, कोथिंबीर आणि मागच्या रानात कांदा. सुनेची शहरात चांगली नोकरी होती, ती सोडून तिनं घरामागं एक शेड घातली. चुली मांडल्या, ओटे बांधले, भिंती शेणानं सारवल्या. बाहेरगावच्या लोकांना पैसे घेऊन इथं चुलीवरचा स्वयंपाक शिकवायचा, असं तिचं ठरलेलं. मी म्हटलं, पैसे देऊन धूर खायला कोण येणार? लोक आले, पण फोटो काढून गेले. मुलगा सारखं म्हणायचा, "शेड मोठी मोक्याची झाली बरं का. कांद्याला काय हवा लागेल!"

त्या वर्षी होळीच्या अलीकडे टूरवाली बाई येऊन शेड बघून गेली. मुंबईची होती, केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. तिनं सांगितलं, एक परदेशी ग्रुप आणते. जमलं तर दिवाळीनंतर सगळ्या थंडीत आणीन. नाही जमलं तर नमस्कार. मुलानं ते ऐकलं आणि तिथंच बायकोला म्हणाला, "झालं तर. त्याच दिवशी कांदा काढून ठेवतो. तिनं नमस्कार केला की संध्याकाळी ट्रॉली आत."

कांदा एकदा शेडमध्ये शिरला की दिवाळीपर्यंत हलत नाही. आणि दिवाळीपर्यंत ज्या जागेला कांद्याचा वास लागला ती परत कांद्याचीच होते. सुनेला हे कुणी सांगायची गरज नव्हती. त्या दिवशी तिनं वरणात दोनदा मीठ घातलं.

आता यात मी कुठून आले? माझं माहेर सटाण्याकडचं. तिकडं मुलगी लग्नाची झाली की नाही हे ती हातावर मांडा किती मोठा करते त्यावरून बघायचे. मला मांडे येतात. सुनेला येत नाहीत. तिचा मांडा रुमालाएवढा झाला की फाटतो. टूरवाल्या बाईला मांडेच पाहिजे होते, आणि मांडे शिकवणारी म्हातारीही पाहिजे होती. वर तिची अट: म्हातारीनं स्वतः बोलायचं. "एकानं बोलायचं आणि दुसऱ्यानं भाषांतर करायचं, त्यात पाहुणे कंटाळतात," असं ती म्हणाली.

मी चौथी शिकलेली. इंग्रजीतलं मला बस, टिकीट, डॉक्टर आणि सॉरी एवढं येत होतं.

सुनेनं आधी मिनिटं शिकवायला घेतलं. कणीक इतकी मिनिटं मळायची, इतकी मिनिटं आपटायची, इतकी झाकून ठेवायची. मोबाइल पुढ्यात ठेवून ती मला म्हणाली, "आई, तुम्ही नेहमीसारखं करा, मी मोजते." मी केलं. दुसऱ्या दिवशी परत केलं, तर आकडा वेगळा. तिसऱ्या दिवशी आणखी वेगळा. ती रडकुंडीला आली.

"आई, एक काहीतरी सांगा ना!"

"गहू रोज एक असतो का? मग मी एक काय सांगू?"

"मग मला कसं सांगता तुम्ही?"

"तुला काय सांगते? पोळीच्या कणकेपेक्षा जास्त वेळ मळ म्हणते. तुला तेवढंही होत नाही."

ती एकदम टाळी वाजवून उठली. म्हणाली, हेच इंग्रजीत सांगायचं. लाँगर दॅन, म्हणजे त्याच्यापेक्षा जास्त वेळ. ॲज लाँग ॲज, म्हणजे त्याच्याइतकाच वेळ. नॉट ॲज लाँग ॲज, म्हणजे तेवढा नाही, कमी. आकडा नको, मिनिट नको. एक वस्तू इकडे, एक तिकडे, आणि मध्ये हे शब्द.

मला ते फार आवडलं. खोटं कशाला बोलू, मला त्याचं वेडच लागलं. मी आयुष्यभर असंच बोलत आले होते आणि हे इंग्रजीत चालतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मेथी निवडताना सून विचारायची, मी जुळवायची. जाऊबाई फोन, लाँगर दॅन सिनेमा. म्हैस धार, नॉट ॲज लाँग ॲज जाऊबाई फोन. मधले बारीकसारीक शब्द सून घालून घ्यायची. नळाचं पाणी, नॉट ॲज लाँग ॲज शिंक. सून ओट्याला धरून हसायची. मुलगा जेवायला बसला की मी त्याच्याकडे बघून म्हणायची, "माय सन आंघोळ, लाँगर दॅन नवरी."

"काय म्हणाली ती माझ्याबद्दल?" तो बायकोला विचारायचा.

"तुमचं कौतुक केलं."

"मग तू हसते कशाला?"

घरात एवढं हसणं कधी झालं नव्हतं. दीर आमच्यावर रागावून शेजारी वेगळे राहायला गेले तेव्हा घर शांत झालं होतं, सासरे गेले तेव्हा झालं होतं, आणि मुलाच्या लग्नात मांडव पडला तेव्हा मात्र थोडं हसलो होतो. हे त्याहून जास्त.

शेवटी सुनेनं माझी वाक्यं पक्की केली. मळायचं पोळीपेक्षा जास्त वेळ. दगडावर आपटायचं एक कप चहा प्यायला लागतो तेवढा वेळ. भाजायचं पापडापेक्षा जरा जास्त. पोळी, चहा, पापड. तिघंही जगभर माहीत आहेत, ती म्हणाली. हुशार आहे. चहाचं मात्र तिला कळलं नाही. मलाही नाही.

पाहुणे सकाळी आले. बस शेडच्या दारापर्यंत आली नाही, बांधावरून चालत आले. बहुतेक माझ्याच वयाचे, पण चड्डीत. एक फार उंच म्हातारा होता, त्याला शेडच्या दारात वाकावं लागलं. एक लाल टोपीवाली बाई होती, तिनं येता येता कोथिंबिरीचा वास घेतला आणि डोळे मिटले. मला ती बरी वाटली.

सुनेनं चहा दिला. आणि मी बघत राहिले. ते चहा पीत नव्हते. हातात धरून फिरत होते. एक घोट घ्यायचे, भिंत बघायचे. एक घोट, चूल बघायची. एक घोट, मांजर. आम्ही बशीत ओतून दोन फुर्र केले की कप संपतो. त्या उंच म्हाताऱ्यानं तो कप बसमधून उतरल्यावर घेतला आणि कणीक मळून होत आली तरी त्याच्या एका हातात होता. थंडगार झालेला चहा तो अजून फुंकून पीत होता. मी मनात म्हटलं, हा चहाचा हिशोब यांना सांगितला तर कणीक उद्यापर्यंत आपटत बसतील.

मळण्याचं वाक्य मी आधीच बोलले होते. "मळा, लाँगर दॅन चपाती." सगळ्यांना कळलं. सगळे मळायला लागले, टूरवाल्या बाईनं मान डोलावली, सुनेच्या गालावर रंग आला. आता आपटायचं वाक्य. कणकेचा लांबट गोळा दोन्ही हातांत धरून दगडावर आपटायचा, ताणायचा, दुमडायचा, परत आपटायचा. किती वेळ? सगळे माझ्याकडे बघत होते. सुनेनं ओठांनी चहा, चहा असं केलं.

मी चहा टाळला. दुसरं काय सगळ्यांचं सारख्याच वेळेत होतं? जे हळू म्हणून चालत नाही, घाईनं म्हणून चालत नाही, सगळ्यांनी एकदम धरायचं आणि एकदम सोडायचं? मला एकच आठवलं.

"आपटा," मी म्हटलं, "ॲज लाँग ॲज वन आरती."

वाक्य बरोबर होतं. पण लाल टोपीवाल्या बाईनं विचारलं, आरती म्हणजे काय? सुनेनं काहीतरी इंग्रजीत सांगितलं. मग बाईनं विचारलं, ती किती वेळ चालते? सून माझ्याकडे बघायला लागली. आता मी काय सांगणार? आरती एका आरतीइतकी चालते. मी म्हटलं, थांबा, म्हणूनच दाखवते.

"आई, इथं देव कुठंय?" सून पुटपुटली.

भिंतीवर खताच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यावर गणपती होता. बास झालं की. मी हात जोडले, टाळी धरली आणि सुरू केलं. मला सूर नाही, पण जोर आहे. पाहुण्यांना सांगावं लागलं नाही. टाळीला टाळी तसा कणकेला दगड. सगळे एका ठेक्यात आपटायला लागले. धप, धप, धप. शेड दणाणली. कणीक अशी मऊ पडायला लागली की मला वाटलं, जमलं. एवढी आरती संपली की पुढचं वाक्य.

ती संपत आली तेवढ्यात दारात घंटी वाजली. धाकटी जाऊ. पितळी घंटी हातात, पदर डोक्यावर, डोळे मोठे.

"आरती करताय अन् आम्हाला सांगायचं नाय व्हय, ताई? शेजारी लय लांब पडलं का?"

"अगं, ही आरती नाहीये, हे माप आहे."

"माप? देवाचं माप काढता?"

आणि तिनं दुसरी सुरू केली. आता आमच्याकडे एक आरती कुणी म्हणतं का? पहिली झाली की दुसरी, ती झाली की जिची तिची आवडती. एखादीची राहिली तर ती प्रसाद न घेता घरी जाते. जाऊबाई मागच्या गणपतीत तशी गेलेली आहे, त्यावर आमचं नंतर बोलणं बंद होतं. तिला मध्येच थांबवायची माझी छाती नव्हती. मी टाळ्या वाजवत राहिले. पाहुण्यांना वाटलं एक आरती अजून चालूच आहे. ते आपटत राहिले.

सुनेला काही सुचेना. ती चुलीपाशी बसली आणि लाकडं सारत राहिली. हातांना काहीतरी पाहिजे होतं तिच्या.

जाऊबाईच्या दोन झाल्या आणि बाहेर ट्रॅक्टर थांबला. मुलगा कांद्याची भरलेली ट्रॉली घेऊन आला होता. संध्याकाळची वाट बघायचं ठरलं होतं, पण त्याला घाई. आत आला तर आरती चालू. चपला बाहेर काढल्या, टोपी सारखी केली आणि उभा राहिला. माझा मुलगा मंडळात आरती म्हणणारा आहे. त्याचा आवाज पलीकडच्या इमारतींतून ऐकू जातो, तिथले लोक तक्रार करतात. त्यानं अशी आरती धरली जिच्यात एक शब्द दम संपेपर्यंत ताणायचा असतो. ताणला. गळ्याच्या शिरा फुगल्या. जाऊबाई सुटली, मी सुटले, मुलगा चालूच. आणि त्याच्याबरोबर तो उंच म्हातारा! शब्द काय आहे हे त्याला माहीत नव्हतं, नुसता आ करून तोही ताणत होता. मुलाचा चेहरा लाल झाला, मग जांभळा झाला, मग तो सुटला. म्हातारा चालू. लाल टोपीवालीनं कणीक खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. म्हातारा सुटला तेव्हा शेडमध्ये जल्लोष झाला.

"लाँगर दॅन माय सन!" मी ओरडले.

हे वाक्य मला कुणी शिकवलेलं नव्हतं. सगळे गोरे एकदम हसले. मी इंग्रजीत बोलले आणि माणसं हसली, बरोबर जागी हसली. माझं डोकं ताक घुसळल्यासारखं गरगरलं. मला वाटलं आता मी काहीही बोलू शकते.

मुलाला हार सोसत नाही. त्यानं पुढची धरली. म्हाताऱ्यानंही धरली. मी इकडं गोळ्यात पुरण भरून म्हाताऱ्यासकट पहिल्या तिघांच्या हातांवर मांडे पसरून दिले, कारण कणीक आता इतकी झाली होती की वाऱ्यानंही लांबत होती. शेवटी सगळ्यांनी उभं राहून मंत्रपुष्पांजली म्हटली. आमच्याकडचे लोक ती मनापासून म्हणतात आणि मध्येच विसरतात, मग परत मागून घेतात. तीही संपली. सगळे शांत झाले.

सून इतका वेळ लाकडं सारत होती. फट्ट.

तर आम्ही सगळे तिथं उभे. राख खाली बसत होती. टूरवाली बाई म्हणाली, "आमची गाडी त्र्यंबकला कधीच पोचायला हवी होती." मुलानं बाहेर ट्रॉलीकडे बघितलं. सुनेनं त्याला बघताना बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हाताला राख. तिनं तो हात डोळ्याला लावला, म्हणजे आता ते दोन्ही झालं.

मला रडणाऱ्या माणसाला काय म्हणायचं ते कधी कळलेलं नाही. मी जाऊबाईला म्हटलं, "तुझं खापर आण."

"माझं? लग्नात आईनं दिलेलं?"

"तुझ्याच आरत्यांनी माझं फुटलंय. आण."

ती घंटीसकट पळाली. खापर आलं, चढवलं. आता ते तापायला पाहिजे, आणि तिघं पाहुणे हात पुढं करून उभे. टूरवाल्या बाईनं मला थेट विचारलं, मराठीत, "आजी, किती वेळ लागेल? नीट सांगा."

मी पाहुण्यांकडे वळले. सगळे ऐकत होते. मी म्हटलं, "लाँगर दॅन चहा." त्या म्हाताऱ्याकडे बोट केलं, "हिज चहा नाही. माझा चहा." मग म्हटलं, "नॉट ॲज लाँग ॲज आरती."

"ओह, थँक गॉड!" लाल टोपीवाली म्हणाली, आणि अख्खी शेड हसायला लागली. कळलं होतं सगळ्यांना. एक मिनिट नाही, एक आकडा नाही, आणि प्रत्येकाला अगदी नेमकं कळलं होतं.

उंच म्हाताऱ्याच्या हातावरचा मांडा आता दंडापर्यंत चढला होता. तो काहीतरी गंभीरपणे बोलला. सून खुदकन हसली. मी विचारलं काय म्हणतो?

"म्हणतात, हा मांडा मी माझ्या पहिल्या लग्नापेक्षा जास्त वेळ सांभाळलाय."

मी खालीच बसले. हसून पोटात कळ आली. मग सगळ्यांचंच सुरू झालं, सून माझ्या कानाशी मराठीत सांगत होती. लाल टोपीवाली म्हणाली, तिचा नवरा बाथरूममध्ये असतो त्यापेक्षा हे कमीच आहे. कुणी म्हणालं, माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनइतकं. जाऊबाईला काहीच कळत नव्हतं, तीच सगळ्यांत जास्त हसत होती. मग टूरवाल्या बाईकडे सगळे बघायला लागले. ती घड्याळाकडे बघत होती. तिनं ते मनगटावरून काढलं, पर्समध्ये टाकलं आणि म्हणाली, "माझ्या साहेबांच्या मीटिंगपेक्षा हे बरं." ते तिनं इंग्रजीतही सांगितलं.

खापर तापलं. पहिला मांडा पडला, फुगला, दुमडला. पापडापेक्षा जरा जास्त वेळ. तो वेगळा सांगावाही लागला नाही. दंडापर्यंत गेलेला मांडा म्हाताऱ्याच्या हातावरचे केस घेऊन आला, तो त्याचा त्यानंच खाल्ला, दुधातुपाबरोबर. त्र्यंबकला ते त्या दिवशी गेलेच नाहीत.

निघताना टूरवाली बाई सुनेला म्हणाली, "दिवाळीनंतर पहिला ग्रुप आणते. पण आरती ठेवायची हं. एकच."

"एकच कशी म्हणणार?" मी म्हटलं.

"बघा बाई," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली. "तुम्ही आणि तुमचा तो गवई."

बाई गेल्यावर सून शेडच्या दाराला टेकून उभी राहिली, आणि मुलगा ट्रॉलीपाशी.

"आई," त्यानं मला हाक मारली, बायकोला नाही. "मग हा कांदा?"

"अंगणात. ताडपत्री टाक."

"अवकाळी आला तर?"

"तर तू बाहेर उभं राहून आरती म्हण. ढग कंटाळून जाईल."

तो ट्रॅक्टर वळवून अंगणात घेऊन गेला. आरत्या कुणी लांबवल्या हे त्याला माहीत होतं, म्हणून ताडपत्रीही लगेच टाकली.

दिवाळीनंतर ग्रुप आले. नव्या पाहुण्यांना एका आरतीइतका वेळ म्हणजे किती, हे परत पहिल्यापासून दाखवावं लागतं. त्या दिवशीच्यांना लागणार नाही. मी, सून, मुलगा, जाऊबाई, टूरवाली बाई, उंच म्हातारा, लाल टोपीवाली आणि त्यांच्या बसमधले सगळे, आम्ही ती पूर्ण आरती उभ्यानं काढली आणि सगळे धडधाकट घरी गेलो. खापर तेवढं गेलं.